न चघळणाऱ्यांचा गट

"तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.

मी उघडलं.

"अजून. नीट उघड. जीभ वर कर."

त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि माझ्या तोंडात धरला. आठवीचा अख्खा वर्ग बघत होता. उजेड डोळ्यांत जायला लागला म्हणून मी डोळे मिटले. तर म्हणाल्या, "नाटकं नकोत." मी डोळे उघडले. जीभ वर धरलेली, त्यामुळं लाळ गिळता येईना. ती ओठावरून हनुवटीवर आली, हनुवटीवरून युनिफॉर्मवर पडली. मागच्या बाकावरून कुणीतरी "ई" केलं. मग हसले सगळे. सगळे नाही. माझ्या बाकावरची सना हसली नाही.

माझं आजोळ वैजापूरकडचं. लहानपणी मामासोबत एकदा बैलांच्या बाजारात गेले होते. तिथं गिऱ्हाईक बैलाचा ओठ वर करून दात बघतं. पण तिथला माणूस आधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो. एवढंच सांगते.

"आहे काहीतरी आत," मॅडम म्हणाल्या. "थुंक."

कशावर थुंकू? त्यांनी काही दिलं नाही. मी माझ्याच हातावर थुंकले. तळहातावर लवंग पडली. चावून चावून मऊ झालेली.

दात दुखत होता माझा. दाढ किडली होती. दवाखाना म्हणजे आईचा खाडा, म्हणून ती रोज सकाळी लवंग द्यायची. दाढेखाली धर म्हणायची.

मॅडमना च्युइंगम निघेल असं वाटलं होतं. त्या लवंगेकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बस खाली, चुकलं माझं. तसं नाही झालं. त्या वर्गाकडं वळल्या आणि म्हणाल्या, "बघितलंत? चघळतच होती ही. म्हणून हिला सगळं आठवलं."

आता मागचं सांगते.

ती शाळा इंग्रजी माध्यमाची, औरंगाबादच्या सिडकोकडची. सरकारच्या नियमानं अशा शाळांना काही जागा गरिबांच्या लेकरांसाठी ठेवाव्या लागतात. आरटीई म्हणतात त्याला. लॉटरी लागते. माझं नाव लागलं तेव्हा आईनं वस्तीत पेढे नाहीत, पण साखर वाटली होती. आम्ही छावणीच्या मागं राहायचो, अजून राहतो. बाप लहानपणीच गेला. आई गुलमंडीत एका साड्यांच्या दुकानात कामाला. तिचं काम विकायचं नाही. बायका साड्या उलगडून बघतात, नको म्हणतात, दुसरी दाखवा म्हणतात. ती नको असलेली साडी परत घडी घालून ठेवायची, हे आईचं काम. दिवसभर दुसऱ्यांनी मोडलेल्या घड्या घालायच्या.

शाळेत आम्हाला आरटीईवाले म्हणायचे. नावानं हाक मारायची तर सरांना आधी हजेरीवर बघावं लागायचं. "ए आरटीई, खिडकी लाव." असं. आम्ही थोडेच होतो. वरच्या वर्गात जाता जाता अजून कमी झालो. आठवीत माझ्या बाकावर सना होती. शहागंजची. घरी दखनी बोलायची, शाळेत इंग्रजी बोलायला घाबरायची, माझ्याशी काय वाट्टेल ते बोलायची.

मॅडम म्हणजे चेअरमनच्या सूनबाई. पुण्याला समुपदेशनाचा काहीतरी कोर्स करून आल्या होत्या. शाळेत त्यांना वेगळी खोली होती, एसी होता, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. वाईट बोलायच्या नाहीत कधी. आवाज चढवायच्या नाहीत. गोड बोलायच्या. गोड बोलणारं माणूस तुमची मान कधी वाकवतं ते मान दुखायला लागल्यावरच कळतं.

त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की च्युइंगम चघळत अभ्यास केला तर जास्त लक्षात राहतं. जबडा हलला की डोक्याकडं रक्त जातं, मेंदू जागा राहतो. त्यांनी ठरवलं, आपल्या शाळेत प्रयोग करायचा. दोन गट. एक चघळणाऱ्यांचा, एक न चघळणाऱ्यांचा. दोघांना तेच शब्द ऐकवायचे, तीच गोष्ट ऐकवायची, मग कुणाला किती आठवतं ते बघायचं. पालकांच्या मोठ्या सभेत चेअरमनसाहेबांच्या हस्ते निकाल जाहीर करायचा.

मला आवडला होता तो प्रयोग. खरंच आवडला होता. शाळेत पहिल्यांदाच असं काहीतरी होणार होतं ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलं नव्हतं.

मग गट पाडले. मॅडम नावं वाचत गेल्या. चघळणाऱ्यांत आमच्यातलं कुणीच नाही. सनानं हात वर केला. तिनं हात वर करावा म्हणजे किती इच्छा असंल बघा. म्हणाली, "मॅडम, हमको भी गम मिलेगा क्या?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बेटा, तुमच्याकडे घरोघर चघळायची सवय आधीच आहे. तंबाखू, गुटखा, मिसरी. त्यात मी कशाला भर घालू?"

वर्ग हसला. सनाचा हात खाली आला.

माझी आई मिसरीसुद्धा लावत नाही. सनाचे अब्बा सुपारीचं खांड तोंडात टाकत नाहीत. पण हे कुणाला सांगायचं? आणि सांगायचं का? मॅडमच्या सासऱ्यांच्या गाडीत मागच्या काचेपाशी पानमसाल्याचा डबा असायचा. आख्ख्या शाळेनं बघितला होता.

आम्ही न चघळणाऱ्यांच्या गटात बसलो. आमच्यासोबत तिकडं काही साहेबांची मुलंही टाकली होती, ज्यांचे मार्क कमी होते. म्हणजे गट आधीच ठरलेले होते. कोण जिंकणार तेही.

प्रयोगाच्या दिवशी वर्गात पुदिन्याचा वास सुटला. त्या बाजूला सगळे कचाकचा चघळत होते. सना माझ्या कानाशी आली, "देख देख, भैंसां जुगाली कर रै." म्हशी रवंथ करतायत म्हणे. मला हसू आवरेना. मॅडमनी बघितलं. तेवढंच त्या दिवसातलं सुख.

मग त्यांनी शब्द वाचले. एकेक, सावकाश. कंदील. चमचा. मोर. किल्ली. छत्री. असे पुष्कळ.

माझी एक युक्ती होती. कुणी शिकवली नव्हती. रोज सकाळी मी आईसोबत घरून निघायचे, गुलमंडीपर्यंत पायी. तिथून मी बस धरायची, आई दुकानात जायची. चालता चालता पाढे, कविता, काय पाठ करायचं असंल ते मी रस्त्यावर ठेवून द्यायचे. म्हणजे असं: घराच्या दारात कंदील लटकवला. पिठाच्या गिरणीत चमचा ठेवला. खाम नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोर बसवला. भाजीबाजारात मेथीच्या जुडीवर किल्ली. असं करत दुकानाच्या पायरीपर्यंत. मग आठवायचं म्हणजे काय, घरातून निघायचं आणि चालत जायचं. जिथं जे ठेवलं ते तिथं असतंच. रस्ता कुठं जातोय?

मी सगळे शब्द लिहिले. त्याच क्रमानं. गोष्टसुद्धा लिहिली. दोन दिवसांनी मॅडमनी न सांगता परत लिहायला लावलं, तेव्हाही लिहिले.

सनाला मी आधीच सांगितली होती युक्ती. तिनं शहागंजचा रस्ता वापरला. तिचेही बरेचसे आले.

आणि त्या चघळणाऱ्या गटाचं काही विशेष झालं नाही. काहींना आठवलं, काहींना नाही. जसं कुणाच्याही वर्गात होतं. दोन्ही गट सारखेच.

इथं खरं तर गोष्ट संपायला पाहिजे होती. प्रयोग केला, फरक पडला नाही, बरं झालं कळलं. पण सभा ठरलेली. चेअरमनसाहेब येणार. आणि न चघळणाऱ्या गटात, आरटीईवाली, सगळ्यांच्या वर.

त्यात च्युइंगमची एक पट्टी मॅडमच्या टेबलावरून कमी झाली. कुणी घेतली मला आजही माहीत नाही. कुणीही घेतली असंल. चॉकलेट-गोळ्या उचलायचं वयच होतं सगळ्यांचं. पण मॅडमच्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या. पट्टी गेली आणि हिला सगळं आठवलं.

त्यांना एकदाही असं वाटलं नाही की हिला आठवलं असंल. नुसतं. हिचं हिला.

म्हणून ते तोंड उघड, जीभ वर कर. म्हणून तो टॉर्च.

लवंग हातात घेऊन मी उभी होते. लाज वाटत होती का? व्हय, वाटत होती. पण त्याच्या खाली अजून काहीतरी होतं. मला तेव्हा नाव सापडलं नाही त्याला. आज सापडतं. माझ्या डोक्यात काही चांगलं निघालं तर त्यांना ते चोरीचंच वाटणार होतं. च्युइंगम नाही तर लवंग. लवंग नसती तर कॉपी. लवंगेला हुशार म्हणायला तयार होत्या त्या. मला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं.

आई दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली. चांगलं पातळ नेसून आली. प्रिन्सिपल सरांच्या खोलीत मॅडम बसल्या होत्या. आईला कुणी बस म्हटलं नाही. आईनंही खुर्चीकडं बघितलं नाही.

सर म्हणाले, "हिनं प्रयोगात गैरप्रकार केला. नियम होता, न चघळणाऱ्या गटानं तोंडात काही ठेवायचं नाही."

"सर, दात दुखत होता तिचा," आई म्हणाली. "म्याच दिली लवंग."

मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्यामुळेच झालं मग. आणि एक पट्टीही चोरीला गेलीय. आम्ही पोलिसात नाही जात. पण उद्या प्रार्थनेच्या वेळी तिनं माईकवर माफी मागायची. सगळ्यांसमोर. तिच्याच भल्यासाठी."

मग सर म्हणाले ती खरी मेख. "आठवीनंतर आरटीई संपतं, तुम्हाला माहितीय. पुढची फी तुम्हाला झेपणार नाही. चेअरमनसाहेब काही मुलांना सवलत देतात, दहावीपर्यंत. ज्यांची वागणूक चांगली त्यांना."

आईनं हात जोडले. "लेकरू हाय सर. चुकलं असंल. मागंल ती माफी."

मी आईकडं बघत राहिले. ती माझ्याकडं बघेना.

घरी आलो. आईनं चूल नाही पेटवली, म्हणजे गॅस. बसून राहिली भिंतीला टेकून. संध्याकाळची वेळ, बाहेर पोरं खेळत होती. तिच्या हातांना कांजीचा वास यायचा, कोऱ्या साड्यांचा. तो वास मला अजून कुठं आला तरी ती संध्याकाळ येते.

"मी काही चोरलं नाही," मी म्हणाले.

"मला ठाव हाय."

"मग हात का जोडले?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "हात जोडायला काय लागतं गं. मी दिवसभर जोडती. गिऱ्हाईकाला जोडती, शेठला जोडती. तुझी शाळा ऱ्हाईल ना."

"पण मी खोटं बोलू का माईकवर?"

"दोन शब्द तर हायेत. बोलून टाक अन् मोकळी हो. सगळेच बोलतेत."

"तू पण बोललीस?"

"रडत नको राहू तू," आई म्हणाली. पण रडत होती ती. मी नव्हते रडत. "मला लई थकल्यावानी झालंय. तू भांडत बसू नको. तुला भांडायचं असंल तर शिकून भांड."

तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तिला शाळा दिसत होती. मला मी दिसत होते.

सकाळी बसमध्ये सना भेटली. बसच्या पाटीवर तेव्हा अजून औरंगाबाद लिहिलेलं असायचं. मी तिला सगळं सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मैं तो सोच ली. मॅडमने फिर से टेस्ट लिया ना, तो मैं आधाच लिखूंगी."

"क्यूं? तुझे आता है ना?"

"आता है. इसीलिए."

तेरा वर्षांची पोर. ज्याला येतं त्यानं अर्धं लिहायचं, हे तिनं एका दिवसात शिकून घेतलं होतं. तिच्या मेंदूवर कुणी प्रयोग करायची गरजच उरली नव्हती. तो झाला होता.

मला वाटतं, मी जे केलं ते त्या बसमध्ये ठरलं. आईच्या बोलण्यानं मी जवळजवळ तयार झाले होते. सनाच्या त्या एका शब्दानं मोडलं. इसीलिए.

प्रार्थना झाली. मैदानावर सगळी शाळा रांगेत. सरांनी माझं नाव पुकारलं, त्या दिवशी बरोबर पुकारलं. मी स्टेजवर गेले. मॅडमनी माझ्या कानाशी वाकून सांगितलं, "मी प्रयोगात गैरप्रकार केला, मी सगळ्यांची माफी मागते. एवढंच. मग ये खाली."

माईक माझ्या तोंडाच्या वर होता. कुणी खाली केला नाही. मी टाचा उचलल्या.

"माझा दात दुखत होता," मी म्हणाले. "म्हणून लवंग होती. मी काही चोरलं नाही. मला आठवलं ते मला आठवलं."

आवाज चिरकत होता. मॅडम पुढं यायला लागल्या. मी डोळे मिटले आणि घराच्या दारातून निघाले.

"कंदील. चमचा. मोर. किल्ली. छत्री. लिंबू. घंटा. दोरी..."

चालत गेले. पूल ओलांडला. भाजीबाजार आला. गुलमंडीच्या चौकात पोचले, साड्यांच्या दुकानाच्या पायरीवरचा शेवटचा शब्द म्हणाले. मग तिथून मागं फिरले आणि उलटे म्हणायला लागले. घराकडं. अर्ध्या वाटेत माईक बंद झाला. खट्ट आवाज आला. मी म्हणत राहिले. पहिल्या रांगेतल्या लहान मुलांना तेवढं ऐकू आलं असंल. दारापर्यंत आले आणि थांबले.

टाळी वाजली नाही. एकही नाही. सना रांगेत मान खाली घालून उभी होती. तिला दोष देत नाही.

सरांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. मॅडमनी माईक चालू करायला लावला आणि अगदी शांतपणे मुलांना म्हणाल्या, "मुलांनो, पाठांतर म्हणजे बुद्धी नव्हे. पोपटालाही येतं पाठांतर."

बघा आता. चार दिवसांपूर्वी जास्त शब्द आठवणं म्हणजे तल्लख मेंदू होता. त्यासाठी च्युइंगम मागवलं होतं, सभा ठरवली होती. मला आठवले आणि ते पाठांतर झालं. पोपट झालं.

पुढं काय होणार ते झालं. माझे आकडे प्रयोगातून काढून टाकले. सनाचेही. सभेत सांगितलं की चघळणारा गट पुढं राहिला. आठवी संपली. सवलतीत माझं नाव नव्हतं. सनाला सवलत मिळाली. तिनं दहावीपर्यंत अर्धंच लिहिलं असणार. नंतर तिचं लग्न झालं, जालन्याला. फोन येतो कधीमधी.

मी महापालिकेच्या शाळेत गेले. तिथं छत गळायचं, पण तोंडात टॉर्च कुणी घातला नाही.

आई माझ्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही. एकदा पोळ्या करता करता म्हणाली, "तुझं खरं होतं. पन खरं घिऊन जायाचं कुठं आपन?"  

शिकले. मानसशास्त्र घेतलं. मुद्दाम घेतलं, हे काय लपवायचं. आता एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी आली तर काही नाही. खोकला झाला तरी उभी राहते. स्मृतीचा धडा आला की पोरं हमखास विचारतात, "मॅम, च्युइंगमनं लक्षात राहतं का?" रीलवर बघितलेलं असतं. मी खरं ते सांगते. लोकांनी तपासलंय. कुठं थोडा फरक दिसला, कुठं काहीच नाही, कुठं चघळण्यानं उलट लक्ष उडालं. थोडा वेळ जाग राहते, पेंग येत नाही, एवढं म्हणता येईल. पाठ केलेलं डोक्यात चिकटून राहतं असं छातीठोक सांगता येत नाही. आणि हेही सांगते की असा प्रयोग करायचा तर गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. घर बघून नाही. आडनाव बघून नाही. आणि निकाल आवडला नाही म्हणून कुणाचं उत्तर काढून टाकायचं नाही. पोरं लिहून घेतात. त्यांना वाटतं परीक्षेला येईल.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगते आहे ते गेल्या लग्नसराईत जे झालं त्यामुळं.

आईचे गुडघे गेलेत आता. तरी दुकान सोडत नाही. दुपारी माझे तास संपले की मी तिला घ्यायला जाते. त्या दिवशी गेले तर दुकान गच्च भरलेलं. गादीवर साड्यांचा ढीग. आणि ढिगापुढं मॅडम. केस थोडे पांढरे, बाकी तशाच. सोबत एक मैत्रीण. त्या उलगडत होत्या, नको म्हणत होत्या, आणि मागं बसून माझी आई घड्या घालत होती.

आईनं त्यांना ओळखलं होतं. तिच्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी आईला ओळखलं नव्हतं. ओळखायला आधी बघावं लागतं.

मी जवळ गेले. "मॅडम, मी तुमच्या शाळेत होते."

"हो का! कुठल्या बॅचला?" तोच गोड आवाज.

मी नाव सांगितलं. त्यांना काही आठवेना. मग मी म्हणाले, "च्युइंगमचा प्रयोग केला होता तुम्ही. मी माईकवर शब्द म्हटले होते."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "अगं बाई! ती तू? अगं, तुझं उदाहरण मी अजून देते. माझी सेशन्स असतात ना पालकांसाठी, तिथं. एका गरीब घरातल्या मुलीला सगळेच्या सगळे शब्द आठवले, चघळण्याची कमाल बघा, म्हणते मी." मैत्रिणीकडं वळून म्हणाल्या, "ही ती. मी सांगते ना?"

मी उभीच राहिले. मागायला लावलेली माफी त्यांना आठवत नव्हती. टॉर्च आठवत नव्हता. आईनं जोडलेले हात आठवत नव्हते. काढून टाकलेलं उत्तर मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि त्यांच्या च्युइंगमच्या नावावर लावलं होतं. इतकी वर्षं ते गावभर फिरत होतं. माझ्याशिवाय.

"आठवतात का गं अजून ते शब्द?" त्यांनी विचारलं.

"आठवतात."

"सगळे? कमाल आहे. म्हण की मग. हिला ऐकू दे."

मैत्रीण हसून माझ्याकडं बघायला लागली. दुकानातल्या दोन-चार बायकाही थांबल्या. शेठनं चष्म्यावरून बघितलं. सगळे शब्द माझ्या जिभेवर होते. दारातला कंदीलसुद्धा लागला होता. एक पाऊल टाकायचा अवकाश.

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

"अगं, गंमत म्हणून."

"माझी गंमत नाही ती. आणि मॅडम, मी न चघळणाऱ्या गटात होते. तुम्ही माझं उत्तर काढून टाकलं होतं. चोर म्हणाला होतात मला. यापुढं माझं उदाहरण देऊ नका. द्यायचंच असेल तर सगळं सांगा."

मॅडमचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "बापरे, किती मनात धरून ठेवतात माणसं," त्या मैत्रिणीला म्हणाल्या. साडी न घेता उठल्या.

बाहेर आलो तर आई चिडलेली. लंगडत पुढं पुढं चालत होती.

"गिऱ्हाईक होतं ते," ती म्हणाली.

"व्हय."

"उद्या शेठ बोलंल मला."

"बोलला तर मला सांग. मी येईन."

"तू कुठं कुठं येशील?"

बरोबर विचारलं तिनं. मी कुठं कुठं जाणार? मीही थकले आहे. तासिकेवर उभं राहून थकले, सिद्ध करून करून जास्त थकले. कॉलेजात मुलाखतीला माझा प्रबंध चाळत विचारतात, हे तुम्हीच लिहिलंय ना? प्रबंधाच्या गाइडनं विचारलं होतं. प्राचार्यांनी विचारलं. मी दर वेळी पुरावे काढून दाखवत आले.

त्या दिवशी माईकवर मी खोटी माफी मागितली नाही, ते बरोबर केलं. पण शब्द का म्हटले? आरोप त्यांचा आणि पुरावा मी दिला. सुलटा दिला, उलटा दिला. तरी पोपटच ठरले. तोंड उघडून दाखवलं काय आणि डोकं उघडून दाखवलं काय, बघणाऱ्याला जे बघायचं तेच तो बघतो.

आता नाही. बोट ज्यानं दाखवलं, पुरावा त्यानं आणायचा. माझ्या वर्गात कुणा पोरीला कुणी विचारलं की तुला हे आलंच कसं, तर तिला उत्तर द्यायला मी लावणार नाही. विचारणाऱ्याला उभं करीन. नोकरी तासिकेवरची आहे, जाईल तर जाईल.

शब्द माझ्याजवळ आहेत. सगळे, त्याच क्रमानं.

म्हणून दाखवणार नाही.